करडा काळू

रोज संध्याकाळी गेनूमामा धुतलेला सदरा घालून एका साहेबांच्या बंगल्यापुढून कुत्रा फिरवत. दोनदा जायचे, दोनदा यायचे. तिथे दुसरं काही काम नसे.

मामा पिंपरीच्या चाळीत आमचे शेजारी. मूळचे चाकणकडचे. कुत्रा भलताच होता: आखूड पाय, लांब अंग, तोंडाला दाढी आणि रंग राखेसारखा. "मामा, बोकड पाळलाय का? आणि ह्या करड्याचं नाव काळू?" पोरं चिडवत. मामा नाव बदलत नसत. घुशीच्या बिळात काळू अर्धा शिरे, शेपूट तेवढी बाहेर. धरलेलं सोडत नसे. "माज्यावर गेलाय," मामा म्हणत.

मामा पूर्वी त्या बंगल्यावर माळी होते. एका चेक इंजिनियरने मायदेशाहून आणलेलं काळंभोर पिल्लू निरोप घेताना साहेबांना दिलं. पुढे साहेब कंपनीच्या कामाने दोन वर्षं परदेशी गेले. पिल्लू मामांनी वाढवलं. हळूहळू त्याचा रंग उतरला. साहेब परतले आणि सगळ्या नोकरांसमोर ओरडले, "हा माझा कुत्रा नाही! माझा विकून हे गल्लीतलं आणून बांधलंस. चोर!" मामांना कुत्र्यासकट हाकललं.

"राग रोपासारका असतो बघ," मामा मला सांगत. "रोज पानी घालाया लागतं."

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. एकदा चाचरत म्हणालो, "मामा, झालं गेलं सोडून द्या."

"तुला कुनी चोर म्हनलंय का? म्हनू दे, मग सांग."

एका संध्याकाळी मीही सोबत होतो. फाटकाशी साहेब एका गोऱ्या पाहुण्याबरोबर उभे होते. तोच इंजिनियर, कामानिमित्त पुन्हा आलेला. काळूला पाहताच त्याने रस्त्यावरच गुडघे टेकले, त्याची दाढी कुरवाळली आणि इंग्रजीत भराभर बोलू लागला. मला जेवढं कळलं तेवढं मी मामांना सांगितलं, "ही चेस्की टेरियर जात. जन्मते काळी, मोठेपणी करडी होते. त्यांच्या देशाबाहेर फार थोडी आहेत. हे तेच पिल्लू आहे म्हणतो."

मामा साहेबांकडे वळले.

"गेनू, गैरसमज झाला," साहेब म्हणाले. "उद्यापासून कामावर ये. आण तो पट्टा इकडे."

मामांनी पट्टा मनगटाला गुंडाळला. "साहेब, तुमचा कुत्रा काळा व्हता. समद्यांम्होरं तुमीच म्हनला, ह्यो तुमचा न्हाई. तुमचा शबुद मी कसा मोडू?"

मामा काय म्हणाले, असं पाहुण्याने मला विचारलं. मी घुटमळलो.

"सांग की इंग्रजीत," मामा म्हणाले. "कशाला शिकलास मग?"

मी सांगितलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण पहिल्यापासून सगळं. 'चोर' या शब्दासकट. साहेबांनी पुढे केलेला हात हळूच खिशात घातला.

दुसऱ्या संध्याकाळी मामा पुन्हा धुतलेला सदरा घालून निघाले.

"आता कशाला, मामा?"

"कालपातुर साहेबाला ठावं न्हवतं, आपलं काय गेलं," मामा म्हणाले. "आता रोज बघू दे. चल रं, काळू."