सव्वानऊची फेरी

आमच्या कचेरीचा संगणक विभाग म्हणजे एकच माणूस. जाड चष्म्यामुळे सगळे त्याला डबल बॅटरी म्हणत आणि तोही ओ देई. सव्वीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती.

त्याच्या एकुलत्या एक मुलीने बँकेतली नोकरी सोडून जुन्या खुर्च्या दुरुस्त करायचं काम धरलं. "एवढं शिकवलं ते सुतारकीसाठी?" असं तो बोलून गेला. "पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नका," म्हणून ती निघाली. जाताना त्याची मोडकी आरामखुर्ची तेवढी घेऊन गेली. तिची आई आधीच गेलेली, त्यामुळे समजूत घालणारं कोणी नव्हतं. अबोला सहा वर्षं चालला.

मुलीची वेबसाइट होती. रोज एका खुर्चीचा फोटो, खाली दोन ओळी. त्याला ते आपल्या कामाच्या पानावर, कोपऱ्यात हवं होतं. पण एका साइटच्या पानाला दुसऱ्या साइटचा मजकूर परस्पर उचलायला ब्राउझर मनाई करतो. म्हणून त्याने आमच्या सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवली. रोज सव्वानऊला सर्व्हर स्वतः तिकडे जाई आणि मजकूर आणून त्याच्या पानावर ठेवी.

"सरळ तिची साइट उघड की," मी म्हणायचो.

"दारात यायचं नाही म्हणालीय. मी कुठे जातो? सर्व्हर जातो."

"बापलेक एकाच माळेचे मणी."

"दोन मण्यांची कसली माळ?"

चार महिन्यांपूर्वी तो झोपेतच गेला. मी नेहमीप्रमाणे यादी केली: किल्ल्या, ओळखपत्र, ईमेल बंद, मुलीला निरोप. त्याचा पुतण्या म्हणाला, "तिला मी कळवतो." मी यादीवर खूण केली. त्याच्याकडे तिचा जुनाच नंबर होता; मी विचारलंच नाही. स्क्रिप्ट तर यादीत नव्हतीच.

गेल्या गुरुवारी तिचा फोन आला.

"काका, बाबा आहेत का?"

मी सांगायच्या आत ती पुढे बोलू लागली.

"रोज सव्वानऊला तुमच्या ऑफिसमधून माझ्या साइटवर कोणीतरी येतं. मला नोंद दिसते. बाबांशिवाय कोण असणार? महिनाभर खुर्चीखाली त्यांच्यासाठीच लिहितेय, घरी या म्हणून. रोज वाचून जातात आणि उत्तर देत नाहीत. इतका राग, काका?"

मी सांगितलं. पलीकडे कुठेतरी रंधा चालू होता, तो थांबला.

"मग रोज कोण येत होतं?"

"सर्व्हर येत होता, बाळ."

त्याच्या जागी आलेल्या माणसाने मला ते पान उघडून दिलं. कोपऱ्यात नव्या वेताने विणलेली आरामखुर्ची होती. खाली लिहिलं होतं, 'बाबा, रविवारी या. बसून बघा, करकरत नाही आता.'

"ही स्क्रिप्ट बंद करू?" त्याने विचारलं.

"राहू दे."

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मी त्या टेबलाशी जाऊन बसलो. सर्व्हर वेळेवर जाऊन आला. खुर्ची तीच होती. खाली काही लिहिलेलं नव्हतं.