सफाई कामगार, पहिलीचा वर्ग

"बाई, सोमवारपासून मी यीत न्हाई," असं म्हणून कुसुममावशींनी वर्गाच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

मी तेव्हा मांजरसुंब्याजवळच्या एका शाळेची मुख्याध्यापिका होते. शाळा विनाअनुदानित. म्हणजे सरकार पगार देत नाही, मुलांच्या फीवर सगळं चालतं. मावशी पहिलीच्या वर्गात मदतनीस. मस्टरवर मात्र 'सफाई कामगार', कारण मदतनीस असं पदच संस्थेत नव्हतं. पद नाही म्हणून पगारवाढ नाही. सात वर्षं हेच.

"काय झालं, मावशी?"

"ढाब्यावर भाकरी थापायचं काम भेटलंय. इथल्यापेक्षा लई पगार हाय. लेकीला कॉलेजला घालायचंय, बाई. न्हाईतर मी कशाला जाते?"

मावशी गेल्या तर पहिलीचं कठीण होतं. आमच्याकडे मेंढपाळांची बरीच मुलं. दिवाळीनंतर ती मेंढरांमागे जातात, जूनमध्ये परततात तेव्हा पेन्सिल धरायचीही विसरलेली असतात. त्यांना पुन्हा वर्गात रुळवायचं काम मावशींचं. पहिलीच्या सरांच्या हाती ती लागत नसत.

मी आठ दिवस मागून घेतले आणि संस्थेला पगारवाढीचा दोन पानी प्रस्ताव लिहिला. माझ्या लिहिण्याचं मला भारी कौतुक. 'मावशी मुलांना अक्षरओळख शिकवतात' असं ठासून लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या सचिवांचा, अण्णांचा फोन.

"बाई, सफाईवाली शिकवती असं लेखी देता? तपासणीत ह्यो कागद निघाला तर शाळेला टाळं लागंल! त्यास्नी वर्गातून काढा, गेटवर बसवा."

पगार वाढवायला गेले आणि मावशींचा वर्गच घालवून बसले. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. मावशी दोन दिवस गेटवर बसल्या, तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात पाच आया ऑफिसात आल्या. "मावशी कोणच्या शाळेत गेल्या? आमी लेकरं तिकडंच घालतो."

मी त्यांना गाडीत घालून थेट अण्णांकडे नेलं. बोलल्या त्याच. त्या बाहेर गेल्यावर अण्णांनी विचारलं, "अशी किती पोरं जातील?"

"पहिलीतली निम्मी तरी."

"बोला, काय करायचं?"

"'वर्ग सहाय्यक' असं पद काढा. पगार क्लार्कइतका. आणि त्या शिकल्या तर पुढची बढती."

"शिकल्या तर बघू."

"बघू नको अण्णा, लिहून द्या."

दिलं बुवा! कागद आणि किल्ली घेऊन मी ढाब्यावर गेले. मावशींनी तो कागद दोनदा वाचला, मगच किल्ली घेतली. त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न बसता दहावी. गणितात एकदा आपटल्या, दुसऱ्यांदा निघाल्या. मग बारावी, मग बालवाडी शिक्षिकेचा कोर्स. मी मात्र तेव्हापासून प्रस्तावात माणसाचे गुण गाणं सोडलं. तो गेला तर काय अडेल, तेवढंच लिहायचं.

आता मी निवृत्त आहे. यंदा मावशींना बालवाडीच्या लहान गटाचा वर्ग मिळाला. परवा अण्णांचा फोन आला, आवाज चढलेला.

"बाई, तुमच्या मावशी म्हणत्यात, आधी मदतनीस द्या, तिचं पद अन् पगार कागदावर घ्या, मग वर्ग घेते. काय शिकवून ठेवलंय तुमी त्यास्नी!"

"मी नाही शिकवलं, अण्णा," मी म्हटलं. "सात वर्षं सफाई कामगार म्हणून पहिलीचा वर्ग सांभाळला, की माणूस आपोआप शिकतं."