मायक्रोफोनकडे पाठ

यंत्र तापू लागले की त्यातून एक वास येतो. थोडा तापलेल्या धुळीचा, थोडा लाखेचा, थोडा जुन्या लाकडाचा. चामुंडीच्या टेकडीवर अजून धुके असते तेव्हा मी आमच्या नभोवाणी केंद्राच्या लहानशा बंगल्याचे दार उघडतो, खोलीभोवतीचे जाड पडदे ओढून घेतो आणि त्या वासात बसून काचेच्या नळ्या लाल होण्याची वाट पाहतो. बाहेर मैसूर जागे होत असते. जटक्याच्या घोड्यांच्या टापा, फुलवालीची हाक, नळावरच्या घागरी. पडद्यांच्या आत यातले काही येत नाही. तुमच्या घरात एवढे आवाज ज्या खोलीतून येतात ती खोली इतकी मुकी असते, हे तुम्हाला खरे वाटेल का?

मग दिवस सुरू होतो. नागस्वराची तबकडी संपते तोच मी कानडीतून सकाळचा नमस्कार सांगतो. त्यामागून स्तोत्रे येतात, त्यामागून उसावरच्या किडीविषयी बोलणारे एक गृहस्थ, ज्यांना प्रत्येक वाक्याआधी खोकावे लागते. दुपारी गृहिणींसाठी लोणच्याची कृती सांगायला आलेल्या बाई भीतीने मीठ घालायचेच विसरतात आणि ते मी शेवटी हळूच घालतो. तांदळाचे, गुळाचे, खोबऱ्याचे भाव मी वाचतो, मुलांच्या गोष्टीतला वाघही मीच होतो, आणि बातम्या वाचताना त्याच घशातून दूरदेशीच्या राजकारणाचे गांभीर्य काढतो. विविधता म्हणतात ती हीच. ऐकणाऱ्याला ती मेजवानीसारखी वाटत असेल. वाढणाऱ्याचे हात मात्र भरून येतात. अंगाचा शीण झोपेने उतरतो. पण दिवसभर नमस्कार करत राहायचे आणि एकाचेही उत्तर कानी पडायचे नाही, याने जो शीण येतो तो कशाने उतरावा? पुष्कळदा वाटते, पलीकडे कोणी नाहीच. मी एका विहिरीत बोलतो आहे आणि विहीर कोरडी आहे.

तक्रार करण्याचा मला अधिकार नाही, हे मी जाणतो. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सुई चालली. आजोबांनी शिवले, वडील शिवतात, आणि राजवाड्याच्या बँडवाल्यांचे लाल कोट शिवून शिवून त्यांनी मला पदवीपर्यंत नेले. आमच्या गल्लीतला पहिला पदवीधर मी. त्या पदवीच्या बळावर मी सावलीत बसून बोलतो आणि त्याचे वेतन घेतो. अशा माणसाने थकलो म्हणणे शोभत नाही. तरी थकवा येतो, आणि आला की थोडी लाजही वाटते.

वडिलांना मी अप्पा म्हणतो. ते विठ्ठलमंदिरातल्या भजनी मंडळात गातात. हे गाणे त्यांना थोरल्या बहिणीने, म्हणजे माझ्या आत्याने शिकवले. आजी लवकर गेली, तेव्हा आत्यानेच त्यांना वाढवले. जात्यावर बसून ती अभंग म्हणे आणि समोर बसलेला हा धाकटा भाऊ ते उचली. पुढे ती वरुणा गावी सासरी गेली. भजनाला म्हणून एकादशीला बैलगाडीतून येत असे. मग तिचे पाय गेले. किती वर्षे झाली, तिने भावाचे गाणे ऐकलेले नाही. अप्पा कधी बोलून दाखवत नाहीत. एकदाच, काज करता करता मान वर न उचलता म्हणाले, "अक्काच्या कानावर एकदा पडायला पाहिजे होतं."

तेवढ्या एका वाक्यासाठी मी केंद्राच्या प्रमुखांकडे वर्षभर खेटे घातले. अखेर ते म्हणाले, एक संध्याकाळ, पाव तास, पुन्हा मागायचे नाही. वरुणेच्या पटेलांच्या घरी बॅटरीवर चालणारा रेडिओ आहे. त्या संध्याकाळी आत्याला खाटेसकट उचलून तिथे नेऊन ठेवायचे, असे ठरले.

त्या दिवशी पहाटेपासून मीच बोलत होतो. भाव वाचून संपवले आणि पाणी पिऊन मोठ्या खोलीत आलो, तर मंडळी येऊन बसलेली. चौघे जण, धुतलेली धोतरे, तिघांच्या गळ्यात टाळ, एकापुढे पखवाज. आणि चौघांच्याही पाठी मायक्रोफोनकडे.

त्यांनी देव बरोबर आणला होता. मंदिरातली विठ्ठलाची तसबीर पंच्यात गुंडाळून आणून पलीकडच्या भिंतीशी स्टुलावर ठेवली होती, आणि तिच्याकडे तोंड करून ते रोजच्यासारखे बसले होते. भजन ऐकणाऱ्याकडे पाहून म्हणायचे असते, हे या माणसांच्या गावीही नव्हते. मायक्रोफोन लोखंडी दांड्यावर पक्का बसवलेला. तो हलवायचा तर तारा सोडाव्या लागतात.

मी म्हटले, "अप्पा, तोंड इकडं करा. आवाज यातून जातो."

"देवाकडं पाठ करून म्हणू?"

"मग तसबीर तरी इकडं घेऊ."

"मांडलेला देव आता उचलायचा नाही," पखवाजावरचे भीमराव काका म्हणाले. "तुझं यंत्र मोठं असेल रे सदू, पण आम्ही काय त्याचं भजन म्हणायला आलो नाही."

"तिकडं आत्या कान देऊन बसलीय, काका."

"अक्काच विचारील," अप्पा शांतपणे म्हणाले, "देवाकडं पाठ केलीस का रे, म्हणून. साकु, आता बोलू नको." 'पुरे' म्हणायचे झाले की त्यांच्या तोंडी हे कानडीच येते.

तेवढ्यात दारावरचा लाल दिवा लागला. तो लागल्यावर खोलीतला प्रत्येक शब्द बाहेर जातो. मी दोन वाक्यांत मंडळाचे नाव सांगितले आणि मागे सरलो. टाळ वाजले. अप्पांनी नमन उचलले, आणि ते भिंतीवरच्या पडद्यात शिरून तिथेच राहिले. काचेपलीकडून आमचे यंत्रज्ञ दोन्ही हात हलवून खूण करत होते, की काही येत नाही. वरुणेत एक म्हातारी खाटेवर पडून पेटीतली खरखर ऐकत होती. पाव तास होता, आणि तो चालू लागला होता.

मी चपला काढल्या. भिंतीशी जाऊन ती तसबीर उचलली, छातीशी धरली, आणि मंडळींना वळसा घालून मायक्रोफोनच्या मागे जाऊन उभा राहिलो. भीमरावांनी डोळे वटारले. पण पखवाज थांबवता येत नव्हता. आणि देव जिकडे गेला तिकडे ते वळले. टाळ न चुकवता, बसल्या बसल्या सरकत, एकेक करून चौघेही वळले. काचेपलीकडचे हात खाली आले.

सागवानी चौकट, वर जाड काच. थोड्याच वेळात दंड थरथरू लागले. पण तो पाव तास मी विसरणार नाही. लहानपणापासून मी भजनात अप्पांच्या मागे बसत आलो. त्यांच्या कोटाची पाठ, मानेवरचे केस, हलणारा खांदा, एवढेच त्यांचे गाणे मला ठाऊक. समोरून ते मी कधी पाहिले नव्हते. कसे पाहणार? समोर तर देव असतो. आता त्या जागी मी होतो. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्याच्या वीतभर खाली खिळले होते. गळ्याची शीर फुगत होती, पुढचे दोन दात नव्हते, वरच्या सुरावर आवाज फाटत होता आणि ते तो फाटू देत होते. माणूस इतका थकलेला आणि इतका निश्चिंत एकाच वेळी असू शकतो का? दिवसभरात पहिल्यांदा दिवा लाल होता आणि मला बोलायचे नव्हते. मी नुसता धरून उभा होतो.

दिवा विझला. अप्पा म्हणाले, "ठेव आता. हात भरून आले असतील."

"विठोबाला विटेची सवय," भीमराव घाम पुसत म्हणाले. "सदूच्या हातावर त्याचा तोल जातो की काय, तीच भीती."

सकाळी वरुणेचा दूधवाला आला. पटेलांच्या ओसरीवर माणसे मावली नाहीत म्हणाला. अप्पा दारातच उभे होते. त्यांनी एवढेच विचारले, "अक्का काय म्हणाली?"

"निरोप दिलाय, स्वामी. भावाचा घसा धरलाय म्हणाल्या. गार पाणी पिऊ नको, मिरी घालून गरम पाणी घे, असं सांगायला सांगितलंय."

अप्पांचा घसा धरलेला नव्हता. आत्याच्या कानात जो आवाज होता तो तरुण होता. मधली वर्षे तिला कोणी ऐकवली नव्हती. मी तसे म्हणणार होतो, पण अप्पा तोवर स्वयंपाकघराकडे वळले होते. त्यांनी आईकडून मिरी मागून घेतली, स्वतः ठेचली, आणि पाटावर बसून तो तिखट पेला फुंकून फुंकून तळापर्यंत प्यायले.