नाव सांगण्याचं काम

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. रक्कम दीड हजार रुपये. हजर तिघं: आई, माझी पुतणी आणि मी. पैसे पुतणीच्या कंपनीचे. म्हाताऱ्या माणसांना नुसतं फोनशी बोलून पेन्शनची कागदपत्रं करता यावीत, अशी एआयची सोय ती कंपनी बनवते आणि वापरून पाहणाऱ्याला मानधन देते.

बाबा गेल्यापासून दर नोव्हेंबरात आईला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत मीच नेतो. तिथे नवऱ्याचं नाव विचारतात. आई नवऱ्याचं नाव घेत नाही. ते मी सांगतो.

फोन आईशी नीट मराठीत बोलला. मग म्हणाला, "पतीचं नाव सांगा." आईनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं पुन्हा विचारलं.

"हे काहून तेच विचारून राहिलं? तू सांग न त्याले," आई मला म्हणाली.

मला बरं वाटलं. मी फोनजवळ वाकून नाव स्पष्ट सांगितलं. त्यानं ते घेतलं नाही.

"काका, आपकी आवाज़ नहीं चलेगी," पुतणी तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाली. "घरवाले ही तो पेन्शन खा जाते हैं."

"मी खाल्ली का?"

"आप नहीं. पर फोन को क्या मालूम."

आता कंपनीवाले ही सोय गुंडाळून ठेवतील, असं मी धरून चाललो होतो. पण ती आजीजवळ मटार सोलायला बसली. "आजी, बैंक में क्या करती हो?"

"हा नाव सांगते, मी हव म्हणते."

"कोई और बोले तो?"

"कोणीबी बोलो. मले घ्यायचं नाही. ऐकाले काय जाते?"

कोणीबी. त्यासाठी मी दर वर्षी अर्धा दिवस रजा टाकत आलो.

पुढच्या शनिवारी पुतणी सोय बदलून घेऊन आली. या वेळी फोननं पेन्शनच्या कागदावरून बाबांचं नाव स्वतःच वाचलं आणि बरोबर आहे का, असं विचारलं. आईनं पदर सारखा केला, "हव" म्हणाली. दाखल्याचं काम झालं. मी त्यात खोट शोधली, सापडली नाही. तिला काय जड जातं हे त्या पोरीनं विचारलं होतं. मी कधी विचारलं नव्हतं.

"हा फोन किती सबुरीनं बोलते," आई म्हणाली. "तू तर रस्ताभर ऑटोचं भाडं सांगत राहते."

"मग यंदा बँकेत जायचं नाही?"

"काहून जायचं? तू आपल्या ऑफिसात जाय."

दीड हजार आईच्या खात्यात जमा झाले. एटीएममधून काढून आणायला तिनं मला पाठवलं. मी आणले, मोजून तिच्या हातात दिले. तिनं ते सगळे पुतणीला दिले.