शेजारचा ड्रमर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. किन्हवलीत माझ्या शेजारी एक ड्रमर राहायचा. मुंबईच्या रॉक बँडमध्ये नाव कमावलेला. पण दारू आणि मारामाऱ्यांत बँड सुटला, बायकोही गेली. ड्रम उरले नव्हते, तरी त्याची बोटं मांडीवर सतत वाजत, झोपेतसुद्धा. मी अंगणातून चाललो की ती माझ्या पावलांचा ठेका धरत. मी थांबलो की थांबत. अंगावर काटा यायचा.

एकदा बँडमधले दोघे त्याला परत न्यायला गाडी घेऊन आले. तो आत होता. मी अंगणातच त्यांना अडवलं. "तो गेला हितून. कुठं, ते म्हाईत नाय."

गाडी वळली. मग मी आत डोकावलो. त्याचे हात मांडीवर निश्चल होते.

"भायेर का नाय आलास रे?"

"तुमीच बोललात ना काका, मी गेलो म्हणून."

ती बोटं पुन्हा कधी हलली नाहीत.

त्याची दारू सुटावी म्हणून खोटं बोललो, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे शेजारचं घर रिकामं झालेलं मला नको होतं. तो वारेपर्यंत 'माझं चुकलं' म्हणायला रोज त्याच्या दारात जायचो आणि "जेवलास का रे?" एवढंच विचारून परतायचो.