वहिनींच्या खानावळीतली चव

त्या गल्लीत त्यांना सगळेच वहिनी म्हणत. समोरचा शिंपी वयाने त्यांच्याहून चांगला मोठा, पण तोही वहिनीच म्हणे आणि वर ‘अहो’ लावी. गल्ली अरुंद होती, पण जिवंत होती. चपलांचं दुकान, औषधांचं दुकान, घड्याळं दुरुस्त करणारा, फुलवाली, न्हावी, आणि या सगळ्यांच्या मधोमध वहिनींची खानावळ. आत मोजकी टेबलं आणि ढकलल्याशिवाय न उघडणारं काचेचं दार. दाराशी गल्ल्यावर वहिनींचा नवरा बसलेला असे. तो पूर्वी बस चालवायचा. पाठीने संप पुकारला तेव्हा त्याने बस सोडली आणि गल्ला धरला.

वहिनी मनाने उदार होत्या. कुणाला उशीर झाला तर त्याचं ताट झाकून ठेवत, आजाऱ्याला डबा पाठवत. फक्त चवीच्या बाबतीत त्या कुणाची गय करत नसत. दुसऱ्याच्या हातचं खाताना पहिला घास घेतला की त्या क्षणभर थांबत, आणि समोरच्या माणसाचा जीव टांगणीला लागे.

या स्वभावापायीच धाकटी जाऊ दुरावली होती. ती खानावळीत मदतीला असायची. भाज्या चिरायची, भांडी बघायची. एकदा भर दुपारी, सगळी टेबलं भरलेली असताना, तिने हौसेने सूप केलं. वहिनींनी चमचाभर तोंडात घेतलं आणि तिथूनच म्हणाल्या, “अगं, तुझ्या हाताला चवच नाही. तू आपली भांडी घास बाई.” दोन-चार गिऱ्हाइकं हसली. वहिनीही हसल्या. धाकटीने अंगावरचा एप्रन काढला, घडी घालून ओट्यावर ठेवला आणि काचेचं दार ढकलून निघून गेली. पुढे ती बाजारामागच्या बेकरीत कामाला लागली. दोघे भाऊ भेटत, बोलत. जावांचं बोलणं मात्र तिथेच संपलं.

पुढे वहिनींना एकदा कडक सर्दी-ताप झाला. ताप उतरला, सर्दी गेली, आणि जाताना वास घेऊन गेली. त्यांच्या ते लक्षात आलं कांदा परतताना. नेहमी नाक सांगायचं, आता पुरे. त्या दिवशी नाक काही बोललंच नाही. खाली पाहिलं तर कांदा काळा पडलेला. त्यांनी लसूण ठेचून नाकाशी धरला, कॉफीचा डबा उघडून त्यात जवळजवळ तोंडच घातलं. काही नाही. जिभेला खारट, गोड, आंबट एवढंच, तेही पुसट कळे. बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं.

होईल हळूहळू, म्हणून त्यांनी वाट पाहिली. झालं नाही. आणि सांगायचं तरी कुणाला? इतकी वर्षं दुसऱ्यांच्या स्वयंपाकाला नाकं मुरडली, आता आपलंच नाक गेलं म्हणून कसं सांगणार? त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नाही. हाताच्या अंदाजाने त्या रांधत राहिल्या. पण चव लागत नाही म्हटल्यावर हात सैल सुटला. मिरी जरा जास्त, मीठ जरा जास्त, उगाच आणखी थोडं काहीतरी.

नवल म्हणजे खानावळ काही रिकामी पडली नाही. उलट मोठ्या रस्त्यावर चकचकीत दिव्यांचं नवं हॉटेल उघडलं, आजूबाजूच्या खानावळी ओस पडल्या, आणि वहिनींकडे मात्र सगळी गल्ली जेवायला. शिंपी दुपारी न चुकता यायचा. औषधवाली पूर्वी घरून डबा आणायची, तीही आता इथेच जेवू लागली. ताटं चाटूनपुसून परत येत. वहिनींना वाटलं, नाक गेलं तरी हात शाबूत आहे. त्यांचा तोरा आणखी वाढला.

त्या वर्षी गल्लीतल्या दुकानदारांनी ठरवलं, एक दिवस रस्त्यावर गाड्या बंद करायच्या, सगळ्यांनी दुकानं बाहेर मांडायची, आणि शहरातल्या इतर भागांतल्या लोकांना बोलवायचं. बघा म्हणावं, मोठ्या दुकानांत न जाताही काय काय मिळतं. वहिनी म्हणाल्या, “सूप माझं. सगळ्यांना.”

नवरा गल्ल्यावरून म्हणाला, “आपण नुसता चहा ठेवला तर? तुझी दगदग वाचेल.”

“चहा? लोक एवढ्या लांबून येणार ते माझ्या हातचा चहा प्यायला?”

त्याने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. बसमध्ये भांडणाऱ्या उतारूंना गप्प करणारा माणूस, पण बायकोपुढे त्याचं तेवढंच चाले.

त्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनींनी सर्वांत मोठं पातेलं काढलं होतं. बटाटा, गाजर, कांदा, वरून दूध आणि साय. गडबडीत पातेलं खाली लागलं. करपल्याचा वास फुलवालीपर्यंत गेला, शिंप्यापर्यंत गेला. पातेल्यावर वाकून ढवळणाऱ्या बाईला तेवढा तो आला नाही. बुडाशी काहीतरी चिकटलंय म्हणून त्यांनी डावाने जोर लावून खरवडलं आणि सगळं एकत्र केलं.

वाट्या फिरू लागल्या. गल्लीतली माणसं वाटी घेत, “वा वहिनी!” म्हणत आणि गर्दीत मिसळत. बाहेरून आलेली माणसं एक चमचा घेत आणि वाटी हळूच कुठेतरी टेकवत. तेवढ्यात हातात काठी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ पातेल्याशी आले.

“बाई, तुम्ही स्वतः चाखून पाहिलंत का हे?”

“म्हणजे काय?” वहिनी हसल्या. “न चाखता वाढते की काय मी?”

“करपलंय. आणि दूधही नासलेलं आहे. रागावू नका, पण कुणीतरी सांगायला हवं.”

वहिनींचा आवाज चढला. “आजोबा, तुमचं तोंड कडू झालेलं दिसतंय. माझ्या सुपाला आजवर या गल्लीत कुणी नाव ठेवलेलं नाही. हे शिंपीदादा रोज जेवतात माझ्याकडे. सांगा हो यांना!”

शिंपी वाटी घेऊन जवळच उभा होता, भरलेली वाटी. त्याने वहिनींकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग वाटी तोंडाला लावली आणि औषध घ्यावं तशी डोळे मिटून एका दमात संपवली. “चांगलं आहे वहिनी,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

वहिनींनी ते पाहिलं. त्या वळल्या. न्हाव्याच्या बाकाखाली भरलेल्या वाट्या होत्या. फुलवालीच्या बादल्यांमागे होत्या. आणि औषधवाली आपल्या दुकानाच्या पायरीशी वाकून वाटी गटारात ओतत होती. तिने मान वर केली, आणि दोघींची नजरानजर झाली.

वहिनींनी डाव खाली ठेवला, पदराने हात पुसले आणि त्या आत गेल्या. बाहेर कुणीतरी पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. झाकण ठेवणारा नवराच होता. तो मागोमाग आत आला.

“तुम्हाला माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

तो स्टुलावर बसला. “हो.”

“कधीपासून?”

“तू माझ्या मोज्यांवरून बोलणं बंद केलंस ना, तेव्हापासून. इतकी वर्षं मी घरात पाय ठेवला की तू ओरडायचीस. मग एकाएकी शांत. मला वाटलं रागावलीस. मग भाजी करपली तरी तू तिथेच उभी, तेव्हा कळलं.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी वहिनींना हसू आलं असतं. “आणि हे सगळे? यांना कुणी सांगितलं?”

त्याने मान खाली घातली. “मीच. नवं हॉटेल उघडलं तेव्हा मला धास्ती बसली. एकेकाच्या दुकानात जाऊन म्हटलं, तिला काही बोलू नका, पण जेवायला येत जा. ती सावरेल.”

“म्हणजे तुम्ही माझ्यासाठी दारोदार फिरलात.” त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “आणि मी त्यांच्यापुढे नाक वर करून मिरवत होते. परवा त्या औषधवालीला म्हटलं, आणखी घे, लाजू नकोस. तिने घेतलं हो. तिने आणखी घेतलं.”

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नवऱ्याने खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला. मग थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा ओढून घेतला.

खानावळ बंद राहिली. वहिनी भाजीला जायच्या त्याही मागच्या बोळातून, कुणाच्या दुकानासमोरून जावं लागू नये म्हणून. पण बोळातही कुणी ना कुणी भेटेच, आणि जो भेटे तो प्रेमाने विचारी, “वहिनी, कधी उघडताय?” शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ती विचारपूस ऐकली की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

बोळातून जाताना बाजाराची मागची बाजू लागे, आणि तिथे ती बेकरी. एक-दोनदा त्या तिच्यासमोरून मान फिरवून गेल्या. एका सकाळी पाय आपोआप थांबले. गल्लीने सगळं पोटात घातलं होतं, आणि आपण? एका हौसेने केलेल्या सुपावर घरातल्या बाईला भर खानावळीत हसलो. तेव्हा ते सूप खरंच वाईट होतं का, हे त्यांनी आठवून पाहिलं. वाईट नव्हतं. मीठ थोडं कमी होतं, बस.

त्या आत शिरल्या. पीठ मळायचं यंत्र घरघरत होतं. धाकटी कोपरापर्यंत पिठाने माखली होती. तिने वर पाहिलं, आणि हातातलं काम थांबवलं नाही.

“तुझ्याकडे काम होतं,” वहिनी म्हणाल्या.

“काय? ऐकू येत नाही.”

“मला तुझी मदत हवी आहे.”

“मोठ्याने बोला ताई, यंत्र चालू आहे!”

वहिनींनी जीव एकवटला आणि ओरडल्या, “मला वास येत नाही! मला चव कळत नाही! तू येऊन चाखशील का?”

नेमकं ‘मला चव कळत नाही’च्या आधी कुणीतरी यंत्र बंद केलं होतं. पाव घ्यायला उभी असलेली सगळी रांग वळून बघू लागली. वहिनींचे कान तापले. त्यांना दार दिसत होतं, पण त्या हलल्या नाहीत.

धाकटीने हात धुतले, पुसले. “माझ्या हाताला चव नाही ना, ताई?”

“ते मी खोटं बोलले.”

“खोटं नाही. तुम्हाला तसं वाटलं असेल. पण लोकांसमोर बोललात.”

“हो. लोकांसमोर बोलले.” वहिनींनी रांगेकडे पाहिलं. “आणि माझं चुकलं. सगळ्यांदेखत सांगते.”

धाकटी लगेच विरघळली वगैरे नाही. ती म्हणाली, “माझं इथलं काम संपलं की येईन. पण मी नको म्हटलं की ते पातेलं बाहेर जाणार नाही. त्यावर वाद चालणार नाही.” वहिनींनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वयंपाकावर दुसऱ्याची अट मान्य केली असेल.

खानावळ उघडायच्या आदल्या दिवशी वहिनी गल्लीतून गेल्या, पुढच्या बाजूने, एकेका दुकानात. “मला कळलंय सगळं. तुम्ही माझी लाज राखलीत, उपकार आहेत. पण आता आवडलं नाही तर ताटात टाकून उठा, आणि मला सांगा. दया म्हणून येणार असाल तर येऊ नका.” शिंप्याने चष्मा काढून पुसला. तो म्हणाला, “वहिनी, खरं सांगू? दया पहिले काही दिवसच होती. मग सवय झाली. एकट्या माणसाला दुपारी कुठेतरी बसायला लागतं.”

औषधवालीच्या दुकानात त्या गेल्या तेव्हा ती फडताळाकडे तोंड करून बाटल्या लावत राहिली. “बरं वहिनी,” एवढंच म्हणाली. वळली नाही.

खानावळ पुन्हा सुरू झाली, पण पूर्वीइतकी भरली नाही. काहींना मोकळीक मिळाली आणि ते मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात जाऊ लागले. वहिनींनी त्यांना तिकडे जाताना पाहिलं, आणि झोंबलं तरी रागावल्या नाहीत. धाकटी रोज दुपारी बेकरीतून येई. वहिनी चमचा तिच्यापुढे धरत आणि ती चाखेपर्यंत भिंतीकडे बघत. धाकटी म्हणे, “मीठ.” किंवा “ठीक.” किंवा “ओतून द्या.” ‘ओतून द्या’ ऐकलं की वहिनींचा चेहरा अजूनही गोरामोरा होई, पण त्या ओतत. नाक पुढे कधीतरी थोडंसं परत आलं, तेही भलतंच. कॉफीला साबणाचा वास येई. त्यावर विसंबायची सोय नव्हती.

शिंपी येत राहिला. औषधवाली मात्र पुन्हा कधी जेवायला आली नाही. तिने पुन्हा घरून डबा आणायला सुरुवात केली. वहिनी समोर दिसल्या की ती पावती चाळू लागे किंवा आत काहीतरी शोधायला जाई. तिचं काही चुकलेलं नव्हतं, उलट तिने सगळ्यांत जास्त सोसलं होतं. पण गटाराशी वाकलेली ती आणि पातेल्याशी उभ्या त्या, एवढं दोघींनाही विसरता येईना.

वहिनींना दुसरं काही सुचलं नाही. त्या तिच्याकडून खोकल्याच्या गोळ्या घेऊ लागल्या. खोकला नव्हता. घरात डबा भरून गोळ्या साठल्या तेव्हा नवऱ्याने विचारलं, “अगं, एवढ्या कशाला?”

“असू द्या,” वहिनी म्हणाल्या. “लागतात.”