रिटर्नबाई

रिटर्नबाई घराला कुलूप लावायच्या, मग त्याच किल्लीने ते उघडून बघायच्या आणि पुन्हा लावायच्या. लावलेलं उघडतं याची खात्री पटल्याशिवाय त्या डोंबिवलीतला आपला जिना उतरत नसत. शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहणारी मी रोज खाली चरफडत उभी असे. ऑफिसात त्यांचं हे नाव मीच पाडलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. ठाण्यात एका गाळ्याच्या माळ्यावर आमची छोटी कंपनी होती. बाईंनी तिथे स्वतःची एक लायब्ररी लिहिली होती, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅममध्ये आयती वापरता येतील अशी फंक्शन्स. त्यातली दोन त्यांची लाडकी. एकाला आकडा दिला की ते चार अक्षरांचा कोड देई. दुसऱ्याला तो कोड दिला की आकडा परत मिळे. कोडात ओ आणि आय ही अक्षरं त्यांनी घेतलीच नव्हती, कारण ती शून्य आणि एक या आकड्यांसारखी दिसतात. “वाचणारा चष्मा घरी विसरलाय असं धरून चालायचं,” त्या म्हणत.

कुठेही काही बदललं की त्यांचा प्रश्न ठरलेला, “जाऊन परत आले का?” आकड्याचा कोड करायचा, कोडाचा पुन्हा आकडा, आणि तो मूळ आकड्याशी जुळला पाहिजे. एकदोन नव्हे, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे आकडे. मशीन तासभर अडकून पडे आणि बाई शेजारी बसून संध्याकाळच्या भाजीचे मटार सोलत. मला ते बघूनच वैताग यायचा.

कल्याणच्या एका रक्तपेढीचं काम आमच्याकडे होतं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीवर तिच्या नंबराचा कोड छापलेला असे. पिशवी बाहेर देताना तो मशीनमध्ये टाकला की कावीळ वगैरेच्या तपासणीचा निकाल पडद्यावर येई. लेबलं हळू निघतात अशी तक्रार आली, तेव्हा बाई सासूबाईंच्या आजारपणासाठी खडवलीला गेल्या होत्या. मी बाईंचं कोड करणारं फंक्शन नव्याने लिहून काढलं. ते झपाट्याने चालायला लागलं आणि मी स्वतःवर जाम खूश झाले. हजारापर्यंतचे आकडे तपासले आणि कंटाळले.

बाई थकलेल्या चेहऱ्याने परतल्या. “जाऊन परत आले का?”

“सगळे आले,” मी म्हटलं.

त्यांनी फ्लॉपी कल्याणला पाठवली.

तीन महिन्यांनी भरदुपारी रक्तपेढीतले टेक्निशियन पाटील यांचा फोन आला. आवाज इतका चढलेला की मलाही ऐकू येत होतं. “मॅडम, सकाळी जी पिशवी बाहेर दिलेली ना, तोच कोड इथे फ्रीजमधल्या पिशवीवर पण आहे. ही गेल्या आठवड्यातली आहे.”

बाईंनी रिसीव्हर हाताने झाकला. “कुठपर्यंत तपासलं होतंस?”

“हजारापर्यंत.”

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी कागद ओढला. रक्तपेढीचे नंबर त्या आठवड्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे गेले होते. मी आकड्यासाठी मशीनच्या मेमरीतला जो खण वापरला होता, त्यात त्यापुढचं मावत नाही. आकडा उणे होतो. आणि ते उणे चिन्ह माझं फंक्शन गाळून टाकत होतं. त्यामुळे कोड उलटे मागे चालले होते आणि नव्या पिशवीवर जुन्या पिशवीचा कोड पडत होता. निकालही जुनीचाच दिसत होता.

“सकाळची पिशवी कुठे गेली?” त्यांनी पाटलांना विचारलं.

“विठ्ठलवाडीला, नर्सिंग होममध्ये. बाळंतीण आहे, खूप रक्त गेलंय. तिथला फोन लागत नाहीये.”

“मग रिक्षा करा आणि स्वतः जा. दुसरी चांगली पिशवी हातात घेऊन जा, निकाल वहीत बघून. तिथे फोनवर कुणाला तरी बसवा.”

त्यांनी उलटा हिशोब करून गेलेल्या पिशवीचा खरा नंबर काढला आणि फोनवरच्या मुलीला लॅबची वही उघडायला लावली. ती म्हणाली, “कावीळ, मॅडम. ही बाद आहे.”

त्यानंतरची चाळीस मिनिटं आम्ही दोघी त्या फोनकडे बघत बसलो. बाई अधूनमधून रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना बघायच्या आणि घाईघाईने ठेवायच्या.

शेवटी नर्सिंग होमबाहेरच्या बूथवरून पाटलांचा फोन आला. “टांगलेली, मॅडम. आधीची संपत आली होती, हिची सुई लावायची बाकी होती. बदलली.”

बाईंनी टेबलावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. बाई म्हणाल्या, “पाठवण्याआधी तपासणं माझं काम होतं. मी तपासलं नाही.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी ते सांगायला हवं होतं, पण काचेखालचं कॅलेंडर वाचत राहिले. महिनाअखेर त्यांना जावं लागलं. त्यांच्यावर माझा किती जीव होता, ते त्यांची खुर्ची रिकामी झाल्यावर मला कळलं.

शेजारचा तो जिना चढायला मला सहा महिने लागले. “मॅडम, त्या दिवशी केबिनमध्ये मी बोलायला हवं होतं.”

“हो, हवं होतं,” त्या म्हणाल्या. चहा गाळून त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. “पण मला त्याचं एवढं नाही वाटलं. तू सगळे आले म्हणालीस ना, तेव्हा केवढं हायसं वाटलं होतं गं मला. वाटलं, आता एक तरी माणूस आहे, ज्याच्यामागे परत बघावं लागणार नाही.”